पाडव्याच्या रात्रीचे जळते रॉकेट आणि शहागंजचे घड्याळ

१/
२ एप्रिल २०२२, शनिवार. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच संध्याकाळी रमजानचा चाँदही पाहायचा होता. तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, शहागंज हा जुना बाजार दोन्ही सणांच्या खरेदीचा. मावळतीला कोर दिसली आणि पहिला रोजा दुसऱ्या दिवशी धरायचा हे ठरले. त्यानंतर तासाभराने उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिपक्यांची एक रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली.

२/
वेळ रात्री पावणेआठच्या सुमाराची. जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर, चंद्रपूर आणि शेजारचा मध्य प्रदेश येथील लोकांनी ती रांग पाहिली आणि हातातल्या मोबाइलने टिपली. थोड्याच वेळात त्या चित्रफिती राज्यभर फिरू लागल्या. कोणी तिला उल्कापात म्हटले, कोणी पेटलेले विमान, तर कोणी क्षेपणास्त्र. सर्वांसमोर दृश्य एकच होते. त्याचा अर्थ मात्र जो तो आपापल्या परीने लावत होता.

३/
त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी या गावातील मोकळ्या जागेत धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले. व्यास दोन ते तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. पुढच्या काही दिवसांत तालुक्यातील इतर ठिकाणी धातूचे पोकळ गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. हे अवशेष पोलिसांनी ताब्यात घेतले आणि इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन त्यांची पाहणी केली.

४/
प्रश्न तीन होते. आकाशातून गेले ते काय होते? ते कोणाचे होते? आणि आकाशात दिसलेली आग व गावात पडलेले कडे एकाच वस्तूचे, हे सिद्ध कसे करायचे? जमिनीवरून, साध्या साधनांनी, सामान्य माणसाने टिपलेले अवकाशयानाचे चित्र पुरावा केव्हा ठरते, हाच या धाग्याचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधताना पासष्ट वर्षे मागे जावे लागते आणि वाटेत शहागंजच्या घड्याळापाशी थांबावे लागते.

५/
शहागंजचा क्लॉक टॉवर निजामकाळातला. मनगटी घड्याळ ही चैनीची वस्तू होती त्या काळात बाजाराला वेळ सांगणे हे अशा मनोऱ्यांचे काम. त्याच निजामी राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली. त्यांच्या निधनानंतर ती निजाम सरकारकडे गेली आणि ‘निजामिया वेधशाळा’ म्हणून नावारूपाला आली. आकाशाचे छायाचित्र हा पुरावा मानून तेथे दीर्घकाळ काम झाले.

६/
साऱ्या आकाशाचा छायाचित्रांद्वारे नकाशा करण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प त्या काळी सुरू होता. त्यातील आकाशाचे काही पट्टे हैदराबादकडे आले. आठ इंची दुर्बिणीला काचेची पट्टी लावायची, घड्याळाच्या यंत्रणेने दुर्बीण ताऱ्यांमागे सावकाश फिरवत ठेवायची आणि नंतर पट्टीवरील प्रत्येक ठिपक्याचे स्थान मोजायचे, अशी ही पद्धत. अशा रीतीने लाखो ताऱ्यांची स्थाने नोंदली गेली. ताऱ्यांची परस्परांमधील अंतरे रोज बदलत नाहीत, त्यामुळे एका रात्रीची चूक दुसऱ्या रात्री दुरुस्त करता येत असे.

७/
४ ऑक्टोबर १९५७ रोजी ही सवलत संपली. सोव्हिएत संघाने स्पुटनिक-१ सोडला. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा हा गोल सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारत होता. आता आकाशात अशी वस्तू आली होती, जी काही मिनिटांत एका क्षितिजाकडून दुसऱ्याकडे निघून जाई आणि हुकलेला क्षण पुन्हा कधीच देत नसे.

८/
येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जगभर ज्यांनी ‘स्पुटनिक पाहिला’ असे सांगितले, त्यांतील बहुतेकांनी तो पाहिलेलाच नव्हता. एवढा लहान गोल नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसण्याच्या मर्यादेवर होता. त्यांना दिसला तो त्याच्यासोबत कक्षेत पोहोचलेला रॉकेटचा अजस्र रिकामा सांगाडा. तो डिसेंबर १९५७ च्या आरंभी वातावरणात शिरून नष्ट झाला. म्हणजे लोकांनी जमिनीवरून डोळ्यांनी पाहिलेली पहिली मानवनिर्मित अवकाशवस्तू, बहुतांशी, रॉकेटचा टाकून दिलेला टप्पा होती.

९/
या वस्तूंचा माग ठेवायचा कसा? अमेरिकेतील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी याचा विचार आधीच केला होता. १९५६ पासून त्यांनी ‘ऑपरेशन मूनवॉच’ ही मोहीम उभी केली. तिच्यात शिक्षक होते, विद्यार्थी होते, गृहिणी, कारागीर आणि हौशी खगोलनिरीक्षक होते. पगारी शास्त्रज्ञांची संख्या अपुरी पडणार हे ओळखून व्हिपल यांनी सामान्य नागरिकांवर विश्वास टाकला. व्यावसायिक वर्तुळात अनेकांना तो भाबडेपणा वाटला होता.

१०/
मूनवॉचची रचना पाहण्याजोगी होती. निरीक्षक एका ओळीत बसत. प्रत्येकापुढे लहान दुर्बीण, आणि प्रत्येकाच्या वाट्याला डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या काल्पनिक रेषेचा एक तुकडा. शेजाऱ्यांचे तुकडे थोडे एकमेकांवर चढलेले असत, म्हणजे आकाशात जणू कुंपणच घातले जाई. उपग्रह ते ओलांडताना ज्याला दिसेल त्याने आवाज द्यायचा. रेडिओवरील वेळेचे ठोके आणि तो आवाज एकाच ध्वनिफितीवर नोंदले जात.

११/
ही ध्वनिफीत हेच मूनवॉचचे मर्म होते. ‘उपग्रह दिसला’ या वाक्याला किंमत नव्हती. ‘अमुक अक्षांश-रेखांशावरून, अमुक ताऱ्याजवळून, अमुक तास, मिनिट आणि सेकंदाला गेला’ या वाक्याला होती. स्थान, दिशा आणि वेळ, या तिन्हींची नोंद झाली की हौशी माणसाचे निरीक्षणही कक्षा काढण्याच्या गणितात घालता येई. तिन्हींपैकी एक जरी राहिले, तर उरे ती केवळ आठवण.

१२/
यातील वेळेचे महत्त्व शहागंजवरून मोजून पाहता येते. खालच्या कक्षेतील अवकाशयान सेकंदाला साडेसात ते आठ किलोमीटर जाते. मनोऱ्यावरचे घड्याळ एक मिनिट मागे असेल, तर बाजारातल्या कोणाचेही काही बिघडत नाही. पण तेवढ्या वेळात अवकाशयान सुमारे साडेचारशे किलोमीटर पुढे गेलेले असते. शहागंजपासून हैदराबादचे सरळ रेषेतील अंतरही साधारण तेवढेच भरते. घड्याळातील एका मिनिटाची चूक म्हणजे मराठवाड्यातून थेट निजामाच्या राजधानीपर्यंतची चूक.

१३/
कोणाची वेळ, हाही प्रश्न असतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. शहागंज सुमारे ७५.३ अंशांवर आहे, म्हणून तेथील सूर्य प्रमाणवेळेच्या जवळपास २९ मिनिटे मागे चालतो. देशोदेशीची निरीक्षणे एकत्र करायची तर सर्वांनी एकच वेळ वापरणे भाग होते. म्हणूनच मूनवॉचमध्ये भिंतीवरच्या घड्याळाऐवजी रेडिओवरील ठोके प्रमाण मानले गेले.

१४/
मूनवॉच पथकांच्या जोडीला स्मिथसोनियनने जगभर बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे अवजड कॅमेरे बसवले. त्यांतील एक भारतात, नैनीतालच्या वेधशाळेत होता. फिल्मवर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उपग्रहाची प्रतिमा उमटे आणि त्या क्षणाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाई. हौशी निरीक्षकांनी अंदाजे कक्षा द्यायची आणि या कॅमेऱ्यांनी ती काटेकोर करायची, अशी ही श्रमविभागणी होती.

१५/
या पद्धतीची खरी परीक्षा ५ सप्टेंबर १९६२ रोजी झाली. मे १९६० मध्ये सोडलेले आणि परतीच्या वेळी चुकीच्या दिशेला ढकलले गेलेले सोव्हिएत यान, ज्याला पाश्चात्त्य जगात ‘स्पुटनिक-४’ म्हणत, ते आता खाली येणार होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी येथील मूनवॉच पथक त्या पहाटे आकाशाकडे डोळे लावून होते. जळते तुकडे जाताना त्यांनी पाहिले आणि नोंदले.

१६/
त्याच पहाटे त्याच राज्यातील मॅनिटोवॉक या गावी गस्तीवरील पोलिसांना रस्त्याच्या मधोमध धातूचा तुकडा दिसला. त्यांनी तो भंगार समजून बाजूला सारला. पुढे बातमी कळल्यावर तो उचलून तपासला गेला. सुमारे नऊ किलोंचा तो तुकडा स्पुटनिक-४ चाच निघाला. आकाशातील नोंद आणि जमिनीवरील अवशेष यांची गाठ पडली, म्हणून मालकही निश्चित झाला. अमेरिकेने तो तुकडा सोव्हिएत संघाला परत केला.

१७/
मॅनिटोवॉक १९६२ आणि लाडबोरी २०२२ यांत बरोबर साठ वर्षांचे अंतर आहे. दोन्हीकडे आकाशात आग दिसली आणि जमिनीवर धातू सापडला. फरक एवढाच की विस्कॉन्सिनमध्ये मूठभर माणसे तयारीने बसली होती, तर महाराष्ट्रात असंख्य माणसांनी अनपेक्षितपणे पाहिले आणि त्यांच्या हाती मूनवॉचवाल्यांना स्वप्नातही न दिसलेले कॅमेरे होते.

१८/
मालक निश्चित होणे इतके महत्त्वाचे का? २४ जानेवारी १९७८ रोजी कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी बसवलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे बर्फावर विखुरले. ते शोधून काढण्यासाठी कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलरांचा दावा लावला. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने ३० लाख देण्याचे मान्य केले. तुकडा कोणाचा, हे ठरले नसते तर दावाही उभा राहिला नसता.

१९/
या दाव्यामागे १९७२ चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार होता. अवकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले, तर ती सोडणारे राष्ट्र, चूक असो वा नसो, भरपाईस बांधील असते. भारतही या कराराचा पक्षकार आहे. १९६७ च्या अवकाश करारानुसार पडलेल्या वस्तूची मालकीही मूळ राष्ट्राचीच राहते. लाडबोरीच्या शेजारी एखादे घर असते आणि कडे त्यावर पडले असते, तर त्या कुटुंबाच्या भरपाईचा रस्ता एका प्रश्नातून गेला असता: हे कोणाचे, आणि कशावरून?

२०/
११ जुलै १९७९ रोजी अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही प्रयोगशाळा पडली, तेव्हा भारतभर धास्ती पसरली होती. ती अखेर हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात विखुरली. ती पडणार हे ठाऊक असूनही नेमकी कोठे पडेल, हे शेवटच्या काही तासांतही कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. आजही अनियंत्रित वस्तूंच्या बाबतीत तीच अडचण आहे. वातावरणाच्या वरच्या थरांची घनता सतत बदलते आणि वेळेचा अंदाज थोडा चुकला तरी ठिकाण हजारो किलोमीटर सरकते.

२१/
हौशी चित्रांचे मोल अत्यंत दुःखद रीतीने १ फेब्रुवारी २००३ रोजी पटले. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे कोलंबिया यान टेक्सासवर विखंडित झाले. नासाने नागरिकांकडे चित्रे आणि चित्रफिती मागितल्या. कॅलिफोर्नियापासून पुढे पहाटे यान पाहायला उभ्या असलेल्या लोकांच्या कॅमेऱ्यांत दिसले, की टेक्सास येण्यापूर्वीच यानापासून तुकडे सुटत होते. प्रत्येक चित्रफितीची नेमकी वेळ आणि जागा ठरवून चौकशीने घटनाक्रम जुळवला.

२२/
दरम्यान मूनवॉच १९७५ मध्ये बंद झाली होती, पण छंद संपला नाही. फ्रान्सच्या तिएरी लगो यांनी सप्टेंबर २००६ मध्ये सूर्यबिंबासमोरून जाणारे अटलांटिस यान आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक एकाच चित्रात टिपले. नेदरलँड्सचे राल्फ वांडेबर्ग दहा इंची दुर्बीण हाताने फिरवत स्थानकाचे सौरपंख दिसतील अशी चित्रे घेतात. कोणतीही सरकारी वेधशाळा हाताशी नसताना, घरच्या अंगणातून हे काम झाले आहे.

२३/
हे शक्य होते, कारण स्थानक आकाराने मोठे आहे. त्याची लांबी सुमारे १०९ मीटर. चारशे किलोमीटर उंचीवर, डोक्यावर असताना ते दुर्बिणीतून साधारण गुरू ग्रहाच्या बिंबाएवढे दिसते. अडचण वेगाची आहे: डोक्यावरून जाताना ते सेकंदाला अंशाहून अधिक सरकते, म्हणून सूर्यबिंब ओलांडायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. शिवाय हे अधिक्रमण जमिनीवरील चारेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातूनच दिसते. शहागंजहून दिसले, तरी दौलताबादच्या किल्ल्यावरून दिसेलच असे नाही.

२४/
साधे चित्र मात्र कोणालाही घेता येते. सूर्यास्तानंतरच्या दोन तासांत जमीन अंधारात असते, पण चारशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. म्हणून स्थानक चमकताना दिसते. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून दहा-वीस सेकंद झडप उघडी ठेवली की ताऱ्यांमधून जाणारी एक रेघ उमटते. झडप उघडल्याची आणि मिटल्याची वेळ ठाऊक असेल, तर त्या रेघेची दोन टोके म्हणजे अवकाशातील दोन मोजमापे होत.

२५/
आता पुन्हा पाडव्याच्या रात्रीकडे. पहिला प्रश्न: ती उल्का होती का? बुलढाणा जिल्ह्याला उल्का अपरिचित नाही. लोणारचे विवर तिथलेच. पण उल्का वातावरणात सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने शिरते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. चित्रफितींतील ठिपके मात्र बराच वेळ, जवळजवळ आडव्या रेषेत, एकमेकांना समांतर सरकत होते. कक्षेतून उतरणाऱ्या, तुटत चाललेल्या यंत्राचे हे लक्षण. एवढा निष्कर्ष मोबाइलच्या चित्रांतून ठामपणे निघतो.

२६/
दुसरा प्रश्न: कोणाचे? त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट उडाले होते. त्यामुळे आगीची रांग त्याच रॉकेटच्या अवशेषांची असावी, असा तर्क प्रारंभी मांडला गेला. वेळेचा विचार करता तो अगदीच अवाजवी नव्हता. दीड तासापूर्वीचे उड्डाण आणि त्यानंतर आकाशात दिसलेली आग यांचा संबंध कोणाच्याही मनात आला असता.

२७/
हा तर्क खोडून काढायला लाडबोरीचे कडे पुरेसे होते. इलेक्ट्रॉन रॉकेटचा व्यास जेमतेम १.२ मीटर. रॉकेटपेक्षा मोठे कडे रॉकेटमधून कसे निघेल? दुसरीकडे, हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दाखवले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘चांग झेंग-३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा नेमका त्याच सुमारास खाली येणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्ग महाराष्ट्रावरून जाणाऱ्या त्या रांगेशी जुळत होता. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर आहे.

२८/
हा टप्पा चौदा महिने लंबवर्तुळाकार कक्षेत फिरत होता. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ येताना वातावरणाच्या विरळ थराला घासून त्याचा वेग कमी होत गेला आणि अखेर तो उतरला. गोळे हे बहुधा इंधन-प्रणालीतील दाबाखालच्या वायूच्या टाक्या. भक्कम बांधणीमुळे त्या अनेकदा न जळता जमिनीवर येतात. मूनवॉच ज्या संस्थेने चालवली, त्याच स्मिथसोनियन वेधशाळेच्या परंपरेतून साठ वर्षांनी लाडबोरीच्या कड्याची ओळख पटावी, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

२९/
मग त्या रात्रीच्या असंख्य चित्रफितींनी काय दिले? दृश्य काय होते ते दिले. मार्ग मोजायला मात्र त्यांतील फारच थोड्या उपयोगी. मोबाइल मूळ चित्रासोबत वेळ आणि परवानगी असल्यास ठिकाणही साठवतो. पण व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेल्या चित्रातून ही माहिती गळून पडते. पुढे पाठवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पुरावा झिजत गेला. हजारो हातांतून फिरलेले चित्र कोठून आणि किती वाजता घेतले, हे शेवटी कोणालाच सांगता येईना.

३०/
दोनच चांगल्या नोंदी असत्या तरी गणित झाले असते. जळती वस्तू साधारण ८० किलोमीटर उंचीवर असेल, तर ती ४५ अंशांवर दिसणाऱ्यापासून आडव्या अंतराने सुमारे ८० किलोमीटर दूर असते आणि २० अंशांवर दिसणाऱ्यापासून सुमारे २२० किलोमीटर. दोन गावांतील दोन माणसांनी एकाच क्षणी घेतलेले कोन मिळाले, की उंची आणि मार्ग दोन्ही निघतात आणि अवशेष कोणत्या पट्ट्यात शोधायचे, हेही कळते.

३१/
त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. चौकटीत एखादी ओळखीची स्थिर वस्तू हवी: कळस, मिनार, पाण्याची टाकी किंवा शहागंजच्या चौकात उभा असेल त्याला क्लॉक टॉवर. तारे आले तर उत्तम. त्या रात्री ईशान्येस सप्तर्षी वर आलेले होते. कॅमेरा वस्तूमागे फिरवण्यापेक्षा स्थिर धरावा. उभे होतो ती जागा लिहून ठेवावी, म्हणजे नंतर तेथेच उभे राहून दिशा मोजता येते. आणि मूळ फाइल पुसू नये.

३२/
अशा नोंदी द्यायच्या कोणाकडे, हाही प्रश्न महाराष्ट्रात बिकट नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आली आहे. छत्रपती संभाजीनगरात एमजीएम संस्थेचे खगोल व अंतराळ विज्ञान केंद्र आहे. अफवा आणि नोंद यांतील फरक ओळखणारी माणसे या ठिकाणी भेटतात, आणि नोंद नीट असेल तर ती पुढे योग्य जागी पोहोचवता येते.

३३/
पाडव्याच्या त्या घटनेला दीड महिनाही झाला नव्हता, तोच मे २०२२ मध्ये गुजरातच्या आणंद जिल्ह्यातील गावांत आकाशातून धातूचे गोळे पडले. कक्षेत सोडून दिलेले असे अनेक टप्पे आजही पृथ्वीभोवती फिरत आहेत. त्यांतला एखादा पुन्हा महाराष्ट्रावरून जाईल तेव्हा असंख्य मोबाइल वर उचलले जातीलच. मिलवॉकीच्या पथकाने ध्वनिफितीवर नोंदले तेवढे, म्हणजे जागा, दिशा आणि सेकंदापर्यंतची वेळ, त्यांतल्या दोघा-तिघांनी जरी जपले, तरी पुढच्या लाडबोरीला ‘हे कोणाचे’ याचे उत्तर लवकर मिळेल.

(धागा समाप्त)